कोठडीबाहेर बसणारे आबा नेरूरकर

आमच्या घाटकोपरच्या वसाहतीत दारांना भोक पाडून भिंग बसवून घ्यायची टूम निघाली, ती चोरांच्या भीतीनं नव्हे. ती निघाली आबा नेरूरकरांमुळे. बेल वाजली की आधी भिंगातून बघायचं. पांढरा लेंगा आणि वर धुऊन धुऊन पातळ झालेला सदरा दिसला, की श्वास रोखून मागच्या मागे स्वयंपाकघरात जायचं आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचा. माझ्या शेजारणीनं पोरांकडून याची तालीमच करून घेतली होती.

आबांना त्याचं काही नव्हतं. "असूंदे, असूंदे, सावकाश उघडा," असं ते बंद दाराला सांगायचे आणि जिन्याच्या पायरीवर टेकायचे. आपल्याला कधी ना कधी कचरा टाकायला बाहेर पडावंच लागायचं. आबा उठून आत यायचे आणि म्हणायचे, "काय नाय गो बाय, जरा बसतंय."

या 'जरा'ला अंत नसे. मी तेव्हा सकाळच्या शाळेत शिकवत होते, दुपारी घरी असायचे, त्यामुळे आबांच्या वाट्याला मी फार यायचे. खरं तर ते काहीच त्रास देत नसत. चहा मागायचे नाहीत, दिला तर प्यायचे. कुणाच्या चहाड्या नाहीत, गावच्या गप्पा नाहीत, पेपर वाचायचे नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसायचे आणि आपल्याकडे प्रसन्नपणे बघायचे. तुम्ही करून बघा, एखादा माणूस असा समोर बसलेला असताना तुम्हाला काहीही करता येत नाही. आडवं होता येत नाही, केसांना तेल लावता येत नाही, नवऱ्याशी भांडता येत नाही. माझी आणि अरविंदची तीन-चार अगदी रंगात आलेली भांडणं आबांनी अशी वाया घालवली. "चालूंद्या तुमचा," म्हणायचे. ते कसं चालणार?

आबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते. मोठा संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. संपानंतर पुष्कळ माणसं घरी बसली असं म्हणतात. आबा स्वतःच्या घरी कधी बसलेच नाहीत, ते आमच्या घरी बसले. त्याला कारण होतं. त्यांच्या बायकोनं, माईनं, संपातच ऑफिसच्या माणसांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली होती. दीड खोलीत परातभर कणीक, दोन शेगड्या, सगळीकडे पसरलेले डबे. आबा मदतीला गेले की पोळ्या करपायच्या. एकदा माईनं शांतपणे सांगितलं, "तुम्ही जरा भायर बसा बघूया." आबांनी ते आयुष्यभर ऐकलं.

आता त्या अँटेनाची गोष्ट. आबांच्या थोरल्या मुलानं आखातातून पैसे पाठवून टीव्ही घ्यायला लावला होता. तो बसवायला पास्कल आला. पास्कल गोराईचा, कोळ्याचा पोरगा. मासेमारी सोडून उपनगरांतल्या गच्च्यांवर अँटेना बसवत हिंडायचा. आबांच्या इमारतीवर त्यानं खांब उभा केला, वायर अर्धी खाली सोडली आणि "उद्या येतो" म्हणून गेला. तो आलाच नाही. शनिवारचा मराठी सिनेमा तोंडावर आलेला. आबांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की पास्कलला पोलिसांनी उचललं. मागच्या गल्लीत एका घरातून टेपरेकॉर्डर गेला होता आणि आदल्या दिवशी त्या घराच्या गच्चीवर पास्कल चढला होता.

आबा पोलीस स्टेशनात गेले. कुठल्या, ते सांगत नाही. त्या काळात ती सगळी सारखीच होती. तिथं कदम नावाचे फौजदार होते. पुढचं संभाषण मला आबांनीही सांगितलं आणि काही वर्षांनी कदमांनीही, आणि दोघांचं तंतोतंत जुळलं.

"कोण तुम्ही त्याचे?"

"कोणी नाही साहेब. माझा अँटेना अर्धा राहिलाय."

"मग दुसरा माणूस बघा."

"वायर त्याच्याकडे आहे."

"अहो, तो आत आहे. चौकशी चाललीय. वेळ लागेल."

"लागूंदे. मी जरा बसतो."

"बसा," कदम म्हणाले.

एवढा एक शब्द त्यांनी उच्चारला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. कोठडीसमोरच्या बोळात एक बाक होता, त्यावर आबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले. थोड्या वेळानं एक हवालदार हातात पट्टा घेऊन आला. आबांना बघून थांबला. आबा त्याच्याकडे बघून प्रसन्न हसले. "चालूंद्या तुमचं," म्हणाले. हवालदारानं पट्टा परत खिळ्याला अडकवला. पुन्हा आला, पुन्हा अडकवला. चहाची वेळ झाली, आबांनाही चहा आला. "आजोबा, घरी नाही जायचं?" "घरी डबे भरतायत," आबा म्हणाले. हवालदाराला त्याचा अर्थ कधीच लागला नाही.

शेवटी वैतागून कदमांनी फिर्यादीलाच परत बोलावलं, की नीट आठवून सांगा. फिर्यादी आला, बरोबर त्याचा कॉलेजातला मुलगा. बाप आत बोलत होता, मुलगा बाकावर आबांच्या शेजारी बसला. आबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यात संशय नव्हता, रोख नव्हता. ते सगळ्यांकडेच तसं बघायचे. पण त्या मुलाला ते झेपेना. त्यानं पाय हलवले, नखं खाल्ली, दोनदा उठून पाणी प्यायला. मग एकदम आत जाऊन बापाला म्हणाला, "टेप मीच मित्राला दिलाय."

पास्कल सुटला. बाहेर आल्यावर त्यानं आबांचे हात धरले. "आबा, तुम्ही माझ्यासाठी आलात?"

"नाय रे, अँटेनासाठी," आबा म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या अंगात नव्हतं.

पास्कलला नीट चालता येईना. सकाळी त्याच्या तळव्यांवर मारलं होतं. दुपारपासून थांबलं. का थांबलं ते त्याला आतून दिसत होतं. हे त्यानं सांगितलं तेव्हा आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून रिक्षावाला ओरडत होता, तरी हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे येऊन बसले, पण प्रसन्न नव्हते.

"बाय, मी थंय होतंय तवसर कोणी तेच्या अंगाक हात लावूक नाय. मी काय केलंय? काय सुद्धा करूक नाय."

"तुम्ही बसलात ना आबा," मी म्हटलं. मला खरं तर पेपर तपासायचे होते.

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते चक्क उठले. चहा यायच्या आत आबा उठल्याची वसाहतीतली ती पहिलीच घटना. ते गेले ते थेट पोलीस स्टेशनात.

कदमांनी विचारलं, "आता कोण आहे तुमचं आत?"

"कोण आहे?" आबांनी उत्सुकतेनं विचारलं.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. आम्हाला आधी वाटलं, मुलाकडे गेले की काय. शेजारणीनं भिंगावर कॅलेंडर लावून टाकलं. खरं कळलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो आणि सगळ्यांच्या तोंडून एकच निघालं, बिचारे पोलीस!

महिना-दोन महिन्यांनी तिथं देसाई वकीलबाई आल्या. बाई तरुण होत्या, खांद्याला भली मोठी पिशवी आणि बोलणं चटचट. कोर्टानं म्हटलं होतं, की पोलीस कोठड्यांमध्ये बाहेरच्या, सरकारी नोकरीत नसलेल्या माणसांना कधीही जाऊन बघता आलं पाहिजे. त्यासाठी वकिलांची एक समिती झाली होती. समितीजवळ परवानगीचा कागद होता, पण माणसं नव्हती आणि पैसा तर नव्हताच. जी दोन-चार प्रतिष्ठित मंडळी नेमली होती ती आधी फोन करून येत, साहेबांबरोबर बिस्किटं खात आणि 'समाधानकारक' लिहून जात. वकीलबाई त्या दिवशी न कळवता आल्या, तर बाकावर आबा.

"तुम्हाला इथं कोणी पाठवलं?"

"बायकोनं," आबा म्हणाले.

वकीलबाईंनी कदमांकडे बघितलं. कदमांनी कपाळाला हात लावला आणि सगळं सांगितलं. आठ दिवसांत आबांना समितीचं पत्र मिळालं. आबा नेरूरकर अधिकृतपणे बसू लागले.

भेटीनंतर चार ओळी लिहून द्यायच्या असत. आबांचा पहिला अहवाल वकीलबाईंनी मला दाखवला होता. 'बसलो. सगळे होते. डास फार.' बाईंनी डोक्यावर हात मारून घेतला. मग शिकवलं, की आत कोण आहे, कधीपासून आहे, जेवला का, अंगावर काही खुणा आहेत का, कोर्टात कधी नेणार, हे विचारायचं. आबा विचारू लागले. प्रश्न विचारताना मात्र ते लाजायचे. दुसऱ्याच्या घरात तांदूळ किती उरलेत ते विचारावं, तसं त्यांना वाटायचं.

कदम मला नंतर म्हणाले होते, "मॅडम, राग यायचा हो. वरून विचारणा व्हायची, केसेस उघडकीला का येत नाहीत? काय सांगू, आबा बसलेत?" आणि वर म्हणाले, "पण खरं सांगू? आबा असले की मलाही घरी जाऊन जेवण जायचं."

आबांच्या डोक्यात मात्र हिशेब सुरू झाला होता. आपण इथं बसलो, तर हायवेपलीकडच्या स्टेशनात कोण बसतंय? देवनारला कोण? मानखुर्दला कोण? एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणी बसू शकतो, हा शोध आबांना फार जिव्हारी लागला. माणसं जमवायला हवीत, आणि त्यांना निदान बसचं भाडं आणि चहा द्यायला हवा. वकीलबाई सरकारकडे अर्ज करत होत्या. उत्तर यायचं, विचाराधीन आहे.

त्या वर्षीच्या गणपतीच्या मीटिंगला आबा उभे राहिले. आमच्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा म्हणजे जीव की प्राण.

"यंदा ऑर्केस्ट्रा नको," आबा म्हणाले. "ते पैशे बसणाऱ्यांका द्या."

"कोण बसणारे?" चेअरमन सामंत म्हणाले.

"पोलीस स्टेशनात."

"म्हणजे चोरांसाठी वर्गणी काढायची? आबा, वाट लागली ना आपली! आमच्याच घरात चोरी झाली तर?"

"तर मी तुमच्या घरात पण येऊन बसेन," आबा म्हणाले. त्यांनी मनापासून दिलासा दिला होता. मीटिंगमध्ये असा हशा पिकला, की पुढचा विषय आपोआप सुरू झाला. मीही हसले होते.

पण बातमी पसरली. कापडाचं मोठं दुकान असलेले एक शेठ एक दिवस गाडीतून आबांकडे आले. त्या दीड खोलीत, डब्यांच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "आबा, पुण्याचं काम करता. वर्षभराचा सगळा खर्च माझा." पाकीट तिथंच ठेवून गेले. आबांना आभाळ ठेंगणं झालं. हायवेपलीकडचं आणि देवनारच्या बाजूचं अशी दोन नवी स्टेशनं घेतली, पास्कलनं आपल्या ओळखीतली दोन पोरं आणली, एक निवृत्त पोस्टमन तयार झाले. महिनाभर सगळं झकास चाललं.

मग शेठ पुन्हा आले. त्यांच्या दुकानातल्या एका नोकरावर त्यांनी तागे पळवल्याची फिर्याद दिली होती. नोकर कोठडीत होता.

"आबा, एवढे दोन दिवस तुमच्या माणसांना जरा विश्रांती द्या. बाकी वर्षभर बसा ना, मी कुठं नाही म्हणतो?"

आबा उठले, फळीवरच्या डब्यातून पाकीट काढलं आणि शेठच्या हातात ठेवलं. त्यातलं खर्च झालेलं माईनं डब्यांच्या पैशातून भरून दिलं. शेठ गेल्यावर आबा सदरा चढवून निघाले आणि दोन्ही दिवस त्या नोकरासमोर बसून राहिले. तागे त्यानं पळवले होते की नव्हते, ते कोर्टानं बघितलं. कोठडीत त्याला कोणी बोट लावलं नाही, एवढंच आबांच्या हातात होतं.

समितीतले काहीजण आबांवर चिडले. पैसे घेऊन ठेवायचे, वर गोड बोलायचं, एवढं कळत नाही का? पाकीट गेलं तशी माणसंही गळाली. दोन्ही पोरं लांबून यायची, भाड्याचे पैसे नव्हते, ती येईनाशी झाली. पोस्टमन आजारी पडले. त्यातच एका संध्याकाळी देवनारच्या बाजूच्या त्या स्टेशनात कोणीच नव्हतं.

सकाळी आबा तिथं गेले, तेव्हा कोठडीत यशवंत नावाचा एक माणूस उजवा हात छातीशी धरून भिंतीला टेकला होता. कत्तलखान्यात माल उचलायचं काम करणारा, ताकदीचा गडी. मनगट सुजून टम्म झालेलं. डायरीत लिहिलं होतं, पडला. आबांनी त्याला विचारलं, "पडलास?" यशवंतनं आधी पहारेकऱ्याकडे बघितलं, मग आबांकडे, आणि मान हलवली. पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळू नये अशी.

वकीलबाई धावत आल्या. हॉस्पिटल, प्लास्टर, मॅजिस्ट्रेटसमोर जबाब, सगळं केलं. दोघा पोलिसांची बदली झाली, एकाची चौकशी लागली. ती चौकशी कुठं पोचली ते आम्हाला कळलं नाही. यशवंतवर काही सिद्ध झालं नाही, तो सुटला. मनगट मात्र वाकडं बसलं. कत्तलखान्यातलं काम गेलं. माईनं त्याला डबे पोचवायला ठेवून घेतलं. डाव्या हातानं उचलायचा. पुढे कितीही सांगितलं तरी पोलीस स्टेशन असलेल्या रस्त्यानं तो कधी गेला नाही. लांबचा वळसा घेऊन डबे पोचवायचा. माईनं त्याबद्दल त्याला कधी बोल लावला नाही.

त्या दिवसांत आबा कुठंच बसेनात. सगळ्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत नुसते फेऱ्या मारायचे. आमची दारं उघडी असायची तरी आत यायचे नाहीत. तेव्हा मात्र वसाहत घाबरली. शेजारीण मला म्हणाली, "अगं, तू हाक मार ना त्यांना." मी हाक मारली. आबा दारातच उभे राहिले.

"बाय, त्या शेटचे पैशे ठेवले आसते, तर थंय माणूस बसलो आसतो. तेचो हात ऱ्हवलो आसतो."

वकीलबाई तेव्हा माझ्याचकडे चहा घेत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि शेठच्या नोकराचा हात?"

"ताच तर," आबा म्हणाले. "ताच तर माका सुटत नाय." आणि पुन्हा फेऱ्या मारायला गेले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते सामंतांच्या घरी गेले आणि बसले. सामंतांनी चहा दिला, नाश्ता दिला. आबा गप्प. सामंतांच्या घरी पाहुणे येऊन गेले, आबांना गावचे कोणी समजून नमस्कार करून गेले. दुपारी सामंतवहिनींनी पान वाढलं, आबा जेवले. सामंत झोपायला गेले, पण बाहेरच्या खोलीत आबा आहेत म्हटल्यावर झोप कसली? चार वाजता ते तणतणत बाहेर आले.

"आबा, बोला की हो काहीतरी! ऑर्केस्ट्रा नको, हेच ना?"

"ऑर्केस्ट्रा असूंदे," आबा म्हणाले. "मी एक हात बघून आलोय. तो तुम्हाला दाखवायचा होता. पण तो माणूस आता डबे पोचवायला गेलाय, संध्याकाळी येईल. म्हणून बसलोय."

संध्याकाळी यशवंत आला. सामंतांनी दारातच तो हात बघितला. ते आबांच्या छळानं तयार झाले की त्या हातानं, मला माहीत नाही. सामंतांनाही नसावं. पण यशवंत गेल्यावर ते बराच वेळ स्वतःचं मनगट चोळत उभे होते, असं वहिनी सांगायच्या.

पुढच्या गणपतीला ऑर्केस्ट्रा झाला, जरा धाकटा झाला. उरलेल्या वर्गणीतून निधी निघाला आणि पुढे दर घरामागे दर महिन्याला थोडं थोडं जमू लागलं. आबांनी एकच अट घातली, की कुणीही दुसऱ्यापेक्षा जास्त द्यायचं नाही. आखातातल्या मुलानं मोठी रक्कम पाठवतो म्हणून कळवलं, तर त्यालाही आबांनी घरटी वर्गणीएवढंच पाठवायला लावलं. "कोणाचाच फार नको. फार दिल्यान, की तो इचारूक येता," म्हणाले.

आणि नुसता पैसाच नव्हे, माणसंही आली. आधी आबांच्या भिडेनं, मग सवयीनं. शनिवारची दुपार मी घेतली. पेपर तपासायचे गठ्ठे घेऊन जायचे. शेजारीण लोकर घेऊन जायची, वहिनी तांदूळ निवडायला न्यायच्या. एकदा कदमांच्या स्टेशनात एकाच वेळी तिघी जमल्या, तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "बायांनो, हे पोलीस स्टेशन आहे की हळदीकुंकू?" पण बाक त्यांनी आणखी एक मागवला. पाहता पाहता शेजारच्या दोन वसाहती आल्या, चेंबूरकडचं एक महिला मंडळ आलं. घाटकोपरपासून मानखुर्दपर्यंत जिथं जिथं लोक कोंडलेले होते, तिथं दिवसातून एकदा तरी कुणीतरी लेंग्यातलं, नऊवारीतलं, पॅन्टमधलं येऊन टेकू लागलं. सगळीकडे सुधारणा झाली असं मी म्हणणार नाही. रात्री आमच्यातलं कोणी नसायचं, आणि रात्र मोठी असते, हे वकीलबाई नेहमी म्हणायच्या.

पुढे समितीची मुदत संपली. नवं पत्र निघता निघेना. आबा जुनंच पत्र दाखवत राहिले. तारीख कोणी वाचली नाही, किंवा वाचून न वाचल्यासारखं केलं. मग अरविंदची बदली झाली आणि आम्ही बोरिवलीला घर घेतलं. आबा आणि माई दोन-तीन वर्षांनी कायमचे गावी गेले. तिथं शेजाऱ्यांच्या दारांना भिंगं नव्हती, त्यामुळे त्यांचं चांगलं चाललं असणार. आबा वारल्याचं मला फार उशिरा, वकीलबाईंकडून कळलं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते घाटकोपर सोडायच्या आदल्या शनिवारी. मानखुर्दच्या बाजूला पोलिसांची एक नवी इमारत झाली होती आणि आबा मला ती दाखवायला घेऊन गेले, एखाद्या नातेवाइकाचा नवा ब्लॉक दाखवावा तसे. तरुण साहेब होते, कौतुकानं फिरवत होते. कोठडीला नवा रंग, पांढरी फरशी, खिडकी उंच. समोरच्या बोळात सागवानी बाकसुद्धा. "खास तुमच्या लोकांसाठी, आबा," साहेब म्हणाले.

आबांनी बाकावरून हात फिरवला. मग म्हणाले, "साहेब, मला जरा आत टाका."

"कुठल्या गुन्ह्याखाली?" हवालदारानं विचारलं, आणि साहेबसुद्धा हसले.

"तुम्ही बघा कुठलं कलम बसतं ते."

हवालदारानं दार उघडलं, आबा आत गेले, दार लागलं. ते कोपऱ्यात जमिनीवर बसले. इतकी वर्षं बाहेर काढली, पण आत ते कधी गेले नव्हते. आम्ही हसत होतो ते थांबलो.

"बाय," आतून हाक आली. "तू खंय आसस?"

"इथंच आबा. बाकावर."

"माका दिसणंस नाय."

ते उठून गजांपाशी आले. "साहेब, बाकडं भिंतीच्या आड जातंय. आतल्या माणसाला कसं कळणार, बाहेर कोणी आहे ते?"

साहेबांनी प्लॅन तसाच आहे वगैरे सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, बाहेर आले, लेंगा खोचला आणि बाकाची एक बाजू धरली. हवालदारानं साहेबांकडे बघितलं आणि दुसरी धरली. बाक जड होता. ओढताना नव्या फरशीवर लांबलचक ओरखडा उठला. "अहो फरशी, फरशी!" साहेब ओरडले, पण तोवर बाक गजांच्या बरोबर समोर आला होता.

"बस बघूया," आबा मला म्हणाले आणि पुन्हा आत जाऊन कोपऱ्यात बसले.

मी बसले. आतल्या अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला. मग गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात दिसले आणि त्यावरचा चेहरा.

"आता दिसतंस गो," आबा म्हणाले.